न घडलेल्या गोष्टींची वही

एल्युनेड प्रोबर्टच्या वहीला निळा पुठ्ठा आहे,
त्यावर चहाच्या कपाचे तीन गोल, एकमेकांत अडकलेले.
पहिलं पान मागल्या ऑगस्टचं:
जेवणाची रांग, पन्नास मिनिटं.
शेवटच्या पोरांना नुसते वाटाणे.
चमचे कमी पडले. किती? मोजलेच नाहीत.

वेल्सच्या पश्चिम किनाऱ्यावरचं हे जुनं विमानतळ.
धावपट्टीच्या भेगांत गवत, गवतात मेंढ्या,
आणि वर्षातून एक आठवडा
बसमधून अकराशे कॅडेट उतरतात,
अकराशे पाठपिशव्या, बावीसशे बूट.
नाही, बावीसशेला एक कमी.
दर वर्षी एक हरवतोच.
तोही वहीत आहे.

चौतीस वर्षं पोस्टात काढली तिनं.
पत्र कुठं अडतं ते हाताला कळतं.
गर्दी तिच्या लेखी नीट न लावलेलं टपाल:
"पोरं वाईट नसतात हो, दारं अरुंद असतात."

म्हणून फेब्रुवारीत, खारं वारं कान कापत असताना,
दोरी घेऊन ती एकटीच माळावर.
पाण्याचा नळ तंबूपासून किती पावलं?
मोठ्या माणसाची नाही, बारा वर्षांच्या पोराची,
रात्री दोन वाजता, चप्पल न सापडता.

मेजर हॅवर्ड बैठकीत म्हणाले,
"वीस वर्षं असंच चाललंय, काही बिघडलं का?"
ती काही बोलली नाही.
नववं पान उघडून वही त्यांच्याकडे सरकवली.

त्या पानावर पेन जरा जास्तच रुतलंय.
टेस्नी, वय तेरा, तिसरी रांग.
पाहुण्यांची गाडी ट्रॅक्टरमागे अडकलेली.
सावधान, एक्केचाळीस मिनिटं.
गुडघे ताठ, हनुवटी वर,
माशी नाकावर बसली तरी हलायचं नाही.
आणि मग ती पडली, झाड पडतं तशी,
हात पुढे न करता.
सिमेंटवर दाताचा आवाज झाला.
बँड वाजतच राहिला, कारण थांबायचं कुणी सांगितलं नव्हतं.

या वर्षी पाहुणे आधी आले.
आधी बसले. पोरांची वाट त्यांनी पाहिली,
दोनदा घड्याळ पाहिलं, एकदा आकाश.
संचलन अठरा मिनिटांत आटोपलं.
गुडघे किंचित सैल ठेवा, हे आदल्या दिवशीच शिकवलेलं.
रांगेच्या टोकाला पाण्याचे कॅन,
आणि भोजनगृहाला दुसरं दार:
इतकी वर्षं त्याला खुर्च्या टेकवून ठेवल्या होत्या!

टेस्नी आता चौदाची, दुसऱ्या रांगेत.
हसली की एक दात शेजाऱ्यापेक्षा पांढरा.
वहीतलं नववं पान तिला ठाऊक नाही,
ठाऊक असायचं कारणही नाही.

कुणीच पडलं नाही.
आता याचा फोटो कसा काढणार?
वर्तमानपत्रातला पोरगा आला होता,
त्यानं झेंड्याचा काढला.
मेजरांच्या अहवालात एक ओळ: संचलन उत्तम झालं.

सहाव्या रात्री, रिकाम्या भोजनगृहात,
पुसलेल्या टेबलांना फिनेलचा वास,
एल्युनेड लिहिते:
चमचे अकराशे चाळीस. परत आले अकराशे चौतीस.
रांग, चौदा मिनिटं.
बूट, एक. डावा.
खिरीत साखर जास्त, पण कुणी तक्रार केली नाही.
तंबू अकरा: कुणीतरी तीन रात्री रडतंय.
शेजारच्या मुलीनं आज सांगितलं.
पुढच्या वर्षी

इथं ती थांबते.
पेनचं टोपण दातात धरते.
बाहेर समुद्र, आणि जनरेटरची घरघर.

पुढच्या वर्षी हे शब्द खोडते,
त्यांच्यावर लिहिते: आज.
मग टॉर्च उचलते, दोन मग कोको ओतते,
एक सांडतो थोडा, वहीवर,
चौथा गोल.